दरडोई, दररोज

मे महिना. सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या ऑफिसात
कूलरला वाळ्याच्या ताट्या नव्या बसवल्यात,
आणि टेबलावर फाइल:
ज्येष्ठांची दीर्घकालीन शुश्रूषा, अनुदान, फेरआढावा.
वरून हिरव्या शाईत शेरा उतरला आहे,
पंधरा टक्के कमी करून पुन्हा सादर करावे.

करतो. पंचवीस वर्षं हेच करतोय.
दरडोई दररोज दोनशे चाळीस.
दुधातून अकरा रुपये निघतात.
फळांतून चार, या संत्र्यांच्या गावात.
डायपर दिवसाला तीन, त्याचे दोन.
तरी बेरीज वाकेना, तेव्हा
रात्रपाळीच्या दोन सेविकांपैकी
एकीवर रेघ मारली.
पेन्सिलीने. सावध माणूस आहे मी.

कुणी मला कसाई म्हणू नये.
ड्रॉवरमध्ये दुसरी यादी आहे, एक्केचाळीस नावांची,
उमरेड, काटोल, पाचपावली, जरीपटका,
खाट रिकामी होण्याची वाट बघणारी.
म्हणजे कशाची वाट, ते यादीत लिहीत नाहीत.
इथले पैसे वाचले तर त्यातल्या सहा जणांना जागा होते.
हे गणितही खरंच आहे.

तपासणीला गेलो, हुडकेश्वरच्या पुढे, भर दुपारी.
बावीस खाटा. नऊ जण उठू न शकणारे.
रंजू सोनटक्केनं रजिस्टर दाखवलं, रात्रीचं:
दहा, बारा, दोन, चार, प्रत्येक नावापुढे टिकली.
"दर दोन तासानं कूस बदला लागते जी,
नाही तं पाठ सडते.
एकटीनं नाही होत. चादर दोघींनी धरा लागते,
इकडून एक, तिकडून एक."

कोपऱ्यातल्या खाटेवर डोमाजी पराते,
मिलमधले विणकर, आता अर्धं अंग गेलेलं.
माझ्या हातातली फाइल बघून म्हणाले,
"कमी करून रायले काय?"
मी म्हटलं, अजून ठरलं नाही.
"आमच्याकडे बी असंच झालं होतं.
एका माणसाले दोन माग होते, त्याचे चार केले.
इकडचा धागा जोडे लोक तिकडचा तुटे."
मग?
"मंग काय. कपड्यात भोकं."
आणि तोंडाच्या चालत्या बाजूनं हसले.

परत येताना स्कूटरवर हिशेब मांडला.
पाठीला भोक पडलं की माणूस मेडिकलला जाणार,
तीन आठवडे ड्रेसिंग, अँटिबायोटिक, खाट.
तो खर्च दुसऱ्या विभागाचा, दुसऱ्या शीर्षाखाली,
दुसऱ्या मजल्यावरच्या हेडाऊंच्या टेबलावर.
माझ्या तक्त्यात मात्र बचत दिसेल,
चांगली जाड, अधोरेखित.
हेडाऊही बिचारे रेघ मारतील कशावर तरी.

घरी, मानेवाड्याला, वैजू.
माझी बहीण. पतसंस्थेतली नोकरी सोडून सहा वर्षं झाली,
आई पडली त्या दिवाळीपासून.
ती कुठल्याच तक्त्यात नाही.
तिची रात्रपाळी, दिवसपाळी, गुडघे, राहून गेलेलं लग्न,
कशाचंच बिल येत नाही, म्हणून खर्च शून्य.
शासनाला फुकट पडते.
मला तरी कुठे महाग पडली.
पगारातून देतो म्हणायला काहीतरी,
महिन्याचं; दररोजचं काढून कधी पाहिलं नाही.

रात्री जेवताना मी तिला विचारलं,
आईला एकटीनं कूस बदलवता येते का गं?
ती ताट उचलत म्हणाली, "सवय झाली."
थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून, पाठमोरी,
"खांदा निखळला होता ना मागे. तेव्हापासून नाही येत.
उशी लावून ढकलते."

मला आठवेना कधी निखळला होता.
फाइल पिशवीतच राहिली.

दोनला जाग आली, की तिनं हलवलं, माहीत नाही.
कूलर गरम वारा फेकत होता, पाणी संपलेलं.
आई छताकडे बघत होती, डोळे उघडे,
जणू आपल्या पाळीची वाट बघत.
वैजूनं चादरीचं टोक मुठीत गुंडाळलं,
आणि चाचपडत असलेल्या मला म्हणाली,
"असं नाही. मनगटाला वेढा दे.
हं. आता माझ्याबरोबर मोज."